रुग्णालयीन बालसंगोपन

गंभीर अथवा दीर्घकालीन आजारामुळे रुग्णालयात राहून उपचार घ्यावे लागणाऱ्या लहान मुलाचे आईवडिलांनी किंवा त्यांच्या जागी असलेल्या आप्तांनी केलेले संगोपन. जन्मापासून सु. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या बाबतीत हा विषय विशेष महत्त्वाचा ठरतो. या वयात मुलाला आजाराचे कारण वा उपचारांचा हेतू उमगत नाही. परंतु वेदना, अनोळखी जागा आणि आईचा वियोग या तिन्ही गोष्टी त्याला तीव्रतेने जाणवतात. रक्ताचा कर्करोग, जन्मजात हृद्‌दोष, मूत्रपिंडाचे विकार, मेंदूच्या आवरणाचा क्षय, भाजल्याच्या जखमा, अपुऱ्या दिवसांचा जन्म इ. कारणांमुळे मुलाला काही आठवड्यांपासून कित्येक महिन्यांपर्यंत रुग्णालयात राहावे लागते किंवा तेथे वारंवार यावे लागते. या काळात त्याची वाढ थांबलेली नसते. बोलणे, चालणे, हट्ट करणे, खेळणे व माणसे ओळखणे हे सारे ते रुग्णालयाच्या खाटेवरच शिकत असते. त्यामुळे रोगाच्या उपचाराइतकीच त्याच्या संगोपनाचीही काळजी घ्यावी लागते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पाश्चात्त्य रुग्णालयांत पालक हा केवळ पाहुणा समजला जाई. आता तो उपचारांचा एक आवश्यक घटक मानला जातो. [→ परिचर्या, बालमानसशास्त्र, रुग्णालय].

ऐतिहासिक आढावा : मुलांसाठी स्वतंत्र रुग्णालये यूरोपात एकोणिसाव्या शतकात निघाली. पॅरिस येथे १८०२ मध्ये व लंडनमधील ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथे १८५२ मध्ये अशी रुग्णालये सुरू झाली. लंडनच्या रुग्णालयाचे संस्थापक चार्ल्स वेस्ट (१८१६–९८) यांनी आजारी मुलांच्या शुश्रूषेवर एक पुस्तकही लिहिले (१८५४). त्या काळी घटसर्प, गोवर, लोहितांग ज्वर यांसारख्या साथींवर प्रभावी औषधे नव्हती व एका मुलाचा संसर्ग साऱ्या कक्षात पसरत असे. बाहेरून येणाऱ्या माणसांबरोबर रोग आत येतो, या भीतीने पालकांच्या भेटींवर निर्बंध घालण्यात आले. पुढे प्रतिजैव औषधे उपलब्ध झाली, तरी निर्बंध कायम राहिले. १९४० नंतरच्या दशकातही लंडनमधील अनेक रुग्णालयांत आठवड्यातून एखाद-दुसरा तासच भेट मिळे. काही ठिकाणी पहिला महिनाभर भेटच नसे, तर काही ठिकाणी झोपी गेलेल्या मुलाला पाहण्याचीच काय ती मुभा असे.

या निर्बंधांच्या समर्थनार्थ आणखी एक कारण दिले जाई. आईवडील येऊन गेले की, मूल रडते व खात नाही. ते आले नाहीत, तर काही दिवसांत ते शांत होते, असा परिचारिकांचा अनुभव होता. ही शांतता म्हणजे मूल रुग्णालयात रुळल्याची खूण, असा तिचा अर्थ लावला गेला. हा अर्थ चुकीचा आहे, हे सिद्ध होण्यास बराच काळ जावा लागला. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयातील बालरोगतज्ञ हॅरी बाक्विन (१८९४–१९७३) यांनी १९४२ मध्ये रुग्णालयातील अर्भकांच्या एकाकीपणाकडे लक्ष वेधले. त्यांच्या कक्षात हात दोनदा धुतल्याशिवाय आत येऊ नये, अशी पाटी पूर्वी असे. तिच्या जागी एखादे मूल उचलून घेतल्याशिवाय आत येऊ नये, अशा आशयाची पाटी लावण्यात आली. रने स्पिट्झ (१८८७–१९७४) यांनी संस्थांमध्ये वाढणाऱ्या अर्भकांचा अभ्यास करून स्वच्छता व आहार पुरेसा असूनही मायेच्या सहवासाअभावी त्यांची वाढ खुंटते, असे १९४५ मध्ये दाखवून दिले. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जेम्स स्पेन्स (१८९२–१९५४) यांनी तर दुसऱ्या महायुद्धापूर्वीच आजारी अर्भकासोबत आईलाही रुग्णालयात ठेवून घेण्याची पद्धत सुरू केली होती.

या प्रश्नाला निर्णायक वळण देण्याचे श्रेय जेम्स रॉबर्ट्‌सन (१९११–८८) व जॉन बोल्बी (१९०७–९०) यांच्याकडे जाते. रॉबर्ट्‌सन यांनी १९५२ मध्ये एक मूक लघुपट तयार केला. अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहिलेल्या सु. अडीच वर्षे वयाच्या एका मुलीचे चित्रण त्यात आहे. ही मुलगी फारशी रडत नाही. पण दिवसेंदिवस अबोल होत जाते आणि आई भेटीस आली, तरी तिच्याकडे पाहण्याचे टाळते. लंडनमध्ये डॉक्टरांपुढे हा लघुपट प्रथम दाखविण्यात आला, तेव्हा अनेकांनी त्यावर आक्षेप घेतला. तथापि जे प्रत्येकाच्या कक्षात रोज घडत होते, तेच पडद्यावर दिसत असल्याने त्याचा परिणाम टाळता आला नाही. सर हॅरी प्लॅट (१८८६–१९८६) यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ मध्ये ब्रिटिश शासनाला सादर केलेल्या अहवालात भेटीच्या वेळांवरील निर्बंध उठवावेत व लहान मुलांसोबत आईच्या राहण्याची सोय करावी, अशा शिफारशी केल्या. त्यांच्या अंमलबजावणीसाठी १९६१ पासून पालकांच्याच संघटनांनी पाठपुरावा केला. यूरोपातील अशा संघटनांनी १९८८ मध्ये नेदर्लंड्समधील लायडन येथे रुग्णालयातील मुलांच्या हक्कांची दहा कलमी सनद तयार केली. पालकांनी सर्व काळ मुलाजवळ राहणे हा मुलाचा हक्क होय, असे तीत म्हटले आहे. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेतही (१९८९) मुलाच्या हिताची आवश्यकता नसेल, तर त्याला आईवडिलांपासून त्यांच्या इच्छेविरुद्ध वेगळे करू नये, हे तत्त्व समाविष्ट आहे.

वियोगाचे परिणाम : आईपासून दुरावलेल्या लहान मुलाच्या वर्तनात रॉबर्ट्‌सन व बोल्बी यांनी तीन अवस्था दाखविल्या. पहिल्या म्हणजे निषेधाच्या अवस्थेत मूल आक्रोश करते, दाराकडे पाहत राहते व इतरांना जवळ येऊ देत नाही. दुसरी अवस्था निराशेची असून तीत रडणे मंदावते, मूल निपचित पडून राहते व त्याची भूक मंदावते. तिसऱ्या अवस्थेत ते वरकरणी सावरते, परिचारिकांशी हसते. मात्र आई आली, तर अपरिचितासारखे वागते. पूर्वी ज्याला रुळणे म्हणत, ते हेच होय. सहा महिने ते चार वर्षे या वयात हे परिणाम सर्वांत तीव्र असतात. घरी परतल्यावर रात्री दचकून उठणे, अंथरूण ओले करणे, आईचा पदर न सोडणे, सुटलेली सवय पुन्हा लागणे असे प्रकार काही आठवडे दिसतात. ते स्वाभाविक असून धीराने घेतल्यास बहुधा ओसरतात.

पाच वर्षांपूर्वीच्या वारंवारच्या वा दीर्घ रुग्णालयवासाचा पौगंडावस्थेतील वर्तनदोषांशी संबंध दिसतो, असे १९७० नंतरच्या दशकातील ब्रिटिश अभ्यासांत आढळले. एकदाच व आठवड्याच्या आत संपलेल्या वास्तव्याचे असे दूरगामी परिणाम मात्र दिसले नाहीत. घरात आधीपासूनच दारिद्र्य वा कलह असल्यास धोका वाढतो, असेही त्यांवरून दिसते.

आईच्या सान्निध्याचा परिणाम केवळ मानसिक नसतो. भारतासह घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या देशांत १ ते १·८ किग्रॅ. वजनाच्या नवजात अर्भकांवर केलेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत काही अर्भकांना जन्मतःच आईच्या उघड्या छातीशी ठेवण्यात आले. त्यासाठी अतिदक्षता विभागातच आईची खाट घालण्यात आली. पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण त्यांच्यात १२ टक्के, तर प्रकृती स्थिर होईपर्यंत आईपासून दूर ठेवलेल्या अर्भकांत १५·७ टक्के होते. दिल्लीतील सफदरजंग रुग्णालय या चाचणीत सहभागी होते.

पालकांची कार्ये : (१) दैनंदिन संगोपन : भरवणे, न्हाऊ घालणे, कपडे बदलणे व झोपवणे ही कामे शक्य तोवर आईवडिलांनीच करावीत. नेहमीचे पांघरूण, एखादे जुने खेळणे, झोपतानाचे ठरावीक गाणे यांमुळे परक्या जागेत घरचे सातत्य टिकते. आजारी मुलाला काहीही नाकारू नये, अशी पालकांची साहजिक भावना होते. परंतु सर्व नियम एकाएकी सैल झाले की, मूल अधिकच बेचैन होते. आपल्याला काहीतरी भयंकर झाले असावे, असे त्याला वाटू लागते. म्हणून औषध घेणे, मारहाण न करणे, वेळेवर झोपणे यांसारखे थोडे नियम कायम ठेवावेत आणि निवडीला वाव असेल तेथे मुलाला निवड करू द्यावी. औषध घ्यायचे की नाही, हे त्याला ठरवता येत नाही. पण ते चमच्याने घ्यायचे की वाटीतून, हे ठरवता येते.

(२) वेदनेच्या वेळची सोबत : नवजात अर्भकांना वेदना फारशा जाणवत नाहीत, या समजुतीने १९८० नंतरच्या दशकापर्यंत त्यांच्यावरील शस्त्रक्रिया अनेकदा अगदी अपुऱ्या शुद्धिहरणाखाली केल्या जात. पुरेसे वेदनाशमन केल्यास अपुऱ्या दिवसांच्या अर्भकांत शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी होते, हे कंवलजित सिंग आनंद व त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑक्सफर्ड येथे केलेल्या संशोधनातून १९८७ मध्ये पुढे आले. आता त्वचा बधिर करणारे मलम, अर्भकांना सुई टोचताना स्तनपान वा साखरेचे पाणी आणि पाठीच्या कण्यातील द्रव काढण्यासारख्या क्रियांसाठी गुंगी अशा उपायांचा अवलंब करतात. सुई टोचताना मुलाला चौघांनी दाबून धरण्याऐवजी आईच्या मांडीवर, तिच्या छातीशी कवटाळून बसविल्यास त्याची भीती कमी होते. पालकाला हा प्रसंग अवघड वाटतो. मुलाला दुखविण्यात आपण सामील आहोत, असे त्याला वाटते. मुलाच्या दृष्टीने मात्र जवळचे माणूस सोबत असणे हाच मोठा आधार असतो. ज्यांना ते पाहवत नाही, त्यांनी थोडा वेळ बाहेर थांबून क्रिया संपताच मुलाला जवळ घेणे, हेही योग्य होय.

(३) सत्यकथन : अप्रिय गोष्ट मुलापासून लपविण्याची प्रवृत्ती सर्वत्र आढळते. 'काही दुखणार नाही', 'आपण फिरायला चाललो आहोत' असे सांगून त्याला रुग्णालयात नेले जाते. मूल झोपलेले पाहून आई न सांगता निघून जाते. अशा फसवणुकीने तो प्रसंग निभावतो, परंतु त्यानंतर मूल आईच्या शब्दावर विश्वास ठेवीनासे होते आणि ती नजरेआड होऊ नये, म्हणून झोपही टाळू लागते. 'थोडे दुखेल, दहा आकडे मोजेपर्यंत. मी इथेच आहे', असे सांगणे अधिक हिताचे ठरते. जाताना सांगून जावे व परतण्याची खूण मुलाला कळेल अशा शब्दांत, उदा., 'जेवण झाल्यावर', 'दिवे लागल्यावर', अशी द्यावी.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आजार ही शिक्षा वाटते. त्याच्या विचारसरणीनुसार वाईट घटनेमागे स्वतःचीच काही चूक असते. 'रडलास तर डॉक्टर सुई टोचतील', अशी धमकी घरोघरी दिली जाते. ज्या मुलाला खरोखरच रोज सुई टोचली जाते, त्याच्या मनात या धमकीमुळे ही समजूत पक्की होते. म्हणून हा आजार कोणाच्याही चुकीमुळे झालेला नाही, हे त्याला पुनःपुन्हा सांगावे लागते.

(४) खेळ व शिक्षण : खेळ हा रुग्णालयातील मुलाचा विरंगुळा असतो, तसेच त्याच्या भावना व्यक्त होण्याचे ते साधनही असते. बाहुलीला सलाईन लावणे, तिला 'रडू नकोस' म्हणून दरडावणे यांतून मूल स्वतःवर गुदरलेला प्रसंग आपल्या ताब्यात आणू पाहते. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे एमा प्लँक यांनी १९५५ पासून रुग्णालयात खेळ व शिक्षण यांचा पद्धतशीर कार्यक्रम राबविला. पुढे या कामासाठी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांचा स्वतंत्र वर्ग तेथे तयार झाला.

(५) औषधोपचारातील सहभाग : दीर्घ आजारात उपचारांचा मोठा भाग घरी पार पडतो. लसीकाजनक पेशींच्या तीव्र प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगात उपचार सु. दोन ते तीन वर्षे चालतात व त्यांपैकी बहुतेक काळ औषधे घरी, तोंडाने द्यावयाची असतात. रोज घ्यावयाच्या औषधाच्या ९५ टक्क्यांहून कमी मात्रा पोटात गेल्यास रोग उलटण्याचा धोका लक्षणीय वाढतो, असे अमेरिकेत २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. ताप हे या मुलांत तातडीचे लक्षण मानतात. कारण पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना साधा संसर्गही काही तासांत जीवघेणा ठरू शकतो. अशा वेळी घरगुती उपाय करीत न थांबता मुलाला रुग्णालयात न्यावे. दृष्ट काढणे, देवाचा अंगारा कपाळाला लावणे यांनी घरच्यांना धीर येत असेल, तर त्यात अपाय नाही. मात्र डॉक्टरांना न कळविता काढे, भस्मे वा मुळ्या पोटात देणे धोक्याचे असते. औषधांच्या वेळा, ताप, खाणे व शौच यांची वहीत नोंद ठेवणे, न समजलेली गोष्ट पुन्हा विचारणे आणि मुलातील बारीकसा बदलही परिचारिकेच्या नजरेस आणून देणे या गोष्टी उपचारांना फार साहाय्यभूत ठरतात.

पालकांवरील ताण : रोगाचे निदान कानी पडताच पालकांना बधिरता येते व त्या वेळी सांगितलेले पुष्कळसे त्यांच्या लक्षात राहत नाही. म्हणून निदान व उपचार एकाहून अधिक बैठकींत, शक्यतो दोन्ही पालकांना एकत्र सांगणे इष्ट असते. 'आपलेच काही चुकले' ही अपराधीपणाची भावना जवळजवळ सर्वांत असते आणि नातेवाइकांच्या प्रश्नांनी ती वाढते. आई मुलाजवळ, वडील औषधे व पैशांच्या मागे आणि इतर मुले आजी वा मामाकडे अशी कुटुंबाची फाटाफूट होते. घरी राहिलेली भावंडे दुर्लक्षित राहतात. आजार आपल्यालाही होईल किंवा आपल्या भांडणामुळेच तो झाला, अशी भीती त्यांना वाटते. त्यांना थोडक्यात खरे सांगावे व शक्य असल्यास भेटीस आणावे. पालकाने आळीपाळीने विश्रांती घेणे, वेळेवर जेवणे हा स्वार्थ नव्हे. थकलेल्या माणसाच्या हातून औषधांच्या चुका होतात. काही पालकांत झोप न येणे, प्रसंग पुनःपुन्हा डोळ्यांपुढे येणे ही लक्षणे उपचार यशस्वी होऊन गेल्यावरही टिकून राहतात व त्यांसाठी मानसोपचारतज्ञाची मदत घ्यावी लागते.

असाध्य अवस्था : मायरा ब्लूबाँड-लँग्नर या मानवशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेतील एका रुग्णालयात तीन ते नऊ वर्षे वयाच्या, रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या मुलांचे निरीक्षण करून १९७८ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोणीही सांगितले नसताना आपण वाचणार नाही, हे या मुलांना उमगलेले होते; परंतु मोठ्यांना त्रास होऊ नये, म्हणून ती न कळल्यासारखे वागत. पालकही मुलासाठी तेच करीत. या परस्पर मौनामुळे मूल आपल्या भीतीसह एकटे पडते. म्हणून मुलाने विचारल्यास त्याला काय वाटते हे आधी ऐकून घ्यावे, खोटी आशा देऊ नये आणि आपण त्याला सोडून जाणार नाही, याची खात्री द्यावी, असा सल्ला दिला जातो. वेदना शमविणे आणि मुलाला आईवडिलांच्या सहवासात ठेवणे हे या अवस्थेतील उपचारांचे मुख्य उद्दिष्ट असते.

भारतातील स्थिती : कुटुंबीयांनी रुग्णाजवळ राहण्याची पद्धत भारतात पूर्वापार असून सार्वजनिक रुग्णालयांत अपुऱ्या परिचारिकांमुळे शुश्रूषेचा मोठा भार तेच उचलतात. त्यामुळे येथे आईला आत घेण्यापेक्षा तिच्या राहण्या-जेवण्याची सोय करणे हा प्रश्न अधिक बिकट ठरतो. मुंबईत परळ येथे बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय (स्थापना १९२९) व टाटा स्मारक रुग्णालय (१९४१) ही दोन महत्त्वाची केंद्रे आहेत. दूरच्या जिल्ह्यांतून व इतर राज्यांतून तेथे येणाऱ्या कुटुंबांना महिनोन्‌महिने शहरात राहावे लागते, रोजगार बुडतो आणि निवाऱ्याअभावी काहींना पदपथावर दिवस काढावे लागतात. त्यातून उपचार अर्धवट सोडले जातात. टाटा स्मारक रुग्णालयात २००९ च्या सुमारास सु. पाचांपैकी एक मूल उपचारांपासून वंचित राही किंवा ते मध्येच सोडून देई. निवास, आहार, आर्थिक साहाय्य व समुपदेशन यांची एकत्रित व्यवस्था केल्यानंतर पुढील दशकात हे प्रमाण सु. ५ टक्क्यांपर्यंत खाली आले. संत गाडगे महाराजांच्या (१८७६–१९५६) नावाने दादर येथे चालणारी धर्मशाळा आणि २००६ मध्ये मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था यांनी अशा कुटुंबांना निवारा दिला आहे. महाराष्ट्र शासनाच्या २०१२ मध्ये सुरू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिबा फुले यांच्या नावाने चालविण्यात आलेल्या आरोग्य योजनेमुळे उपचारांच्या खर्चाचा काही भार हलका झाला.

अशा साहाय्याचे महत्त्व उपचारांच्या प्रगतीबरोबर वाढले आहे. बॉस्टन येथे सिडनी फार्बर (१९०३–७३) यांनी १९४८ मध्ये, यल्लाप्रगडा सुब्बाराव (१८९५–१९४८) यांच्या प्रयोगशाळेत तयार झालेल्या औषधाने मुलांमधील रक्ताचा कर्करोग प्रथमच काही काळ आटोक्यात आणला, तेव्हा त्यांपैकी एकही मूल कायमचे बरे होण्याची शक्यता नव्हती. आता संपन्न देशांत यातील सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकारातून सु. ९० टक्के मुले वाचतात. बऱ्या होणाऱ्या मुलांची संख्या वाढल्यामुळे उपचारांच्या काळात त्यांचे बालपण कसे गेले, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा झाला आहे. २०२० मधील कोव्हिड-१९ च्या साथीत अनेक देशांतील रुग्णालयांनी मुलाजवळ एकाच पालकाला प्रवेश दिला व दुसऱ्या पालकाला आणि भावंडांना बाहेर ठेवले. संसर्गाच्या भीतीने पूर्वी घातलेले निर्बंध उठविण्यास अनेक दशके लागली होती. त्यामुळे असे निर्बंध आवश्यक तेवढेच व आवश्यक तेवढाच काळ ठेवावेत, या मताला तज्ञांमध्ये पुन्हा महत्त्व प्राप्त झाले.